रायगड किनाऱ्यावरील ताटातुटीचीं गाणीं

कोळीगीत म्हटलें कीं शहरांतील सुशिक्षित घरांत एक ठराविक चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. ढोलकीचा द्रुत ठेका, रंगीत लुगडीं, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण, हातांत वल्हें धरून नाचणारा कोळी, आणि भोंवतीं लग्नाची किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाची गर्दी. हें चित्र खोटें आहे असें नाहीं. होळीच्या किंवा नारळी पौर्णिमेच्या दिवशीं उरण, रेवस, थळ, रेवदंडा, मुरूड या गांवांच्या कोळीवाड्यांतून फिरणाऱ्याला तें प्रत्यक्ष पाहावयास मिळतें. परंतु तें अर्धें चित्र आहे. ज्या घरांतून हीं उल्हासाचीं गाणीं बाहेर पडलीं, त्याच घरांत आणि शेजारच्या आगऱ्यांच्या, कुणब्यांच्या व वाडीवाल्यांच्या घरांत गाण्याची दुसरीहि एक परंपरा नांदत होती. तिला ढोलकी लागत नसे, श्रोता लागत नसे, उजेडहि लागत नसे. ज्याच्याशीं संसार मांडला, किंवा मांडावयाचें मनांत होतें, तो माणूस दुरावला म्हणजे त्या दुराव्याला शब्द देण्याचें काम ती परंपरा करीत असे.

या परंपरेचा विचार करण्यापूर्वीं तो प्रदेश कसा आहे हें पाहणें अवश्य आहे. उत्तरेस उरणपासून दक्षिणेस सावित्री नदीच्या मुखाशीं असलेल्या बाणकोटच्या खाडीपर्यंतचा हा किनारा. १ जानेवारी १९८१ पासून या जिल्ह्यास रायगड हें नांव मिळालें. त्यापूर्वीं अलिबागच्या पाण्यांतील किल्ल्यावरून तो कुलाबा या नांवानें ओळखला जाई. धरमतरची खाडी, रेवदंड्यापाशीं समुद्रास मिळणारी कुंडलिका, जंजिऱ्यामागची राजपुरीची खाडी अशा पाण्याच्या फांट्यांनीं हा किनारा जागोजाग चिरला गेला आहे. कोळी मासेमारी करतात. आगरी लोकांनीं मिठागरें आणि खारेपाटांतील भातशेती संभाळली. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून ब्राह्मण, भंडारी, माळी इत्यादि वस्ती आहे. बेने इस्रायल लोकांचीं जुनीं गांवें येथेंच आहेत. आणि कोर्लईच्या डोंगराखालीं पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे ख्रिस्ती लोक राहतात. इतक्या भिन्न लोकांच्या वांट्यास एक गोष्ट मात्र सारखी आली. घरांतील पुरुष पाण्यावरून दूर जावयाचा आणि स्त्रीनें कांठावर राहावयाचें.

हा दूर जाण्याचा क्रम जुना आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं कान्होजी आंग्र्यांच्या आरमारावर या किनाऱ्यावरचे खलाशी जात. १८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि पुढील शंभर वर्षें कोंकणांतील तरुण पुरुष गिरण्यांत व गोदींत कामास जात राहिले. त्यांना नेणाऱ्याआणणाऱ्या आगबोटी हाच त्यांच्या संसारांतील दुवा होता, आणि तोहि निर्धोक नव्हता. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वाटेंतच उलटली व सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. दीपपूजेच्या अमावास्येस घरीं पोंचावें म्हणून निघालेले कित्येक उतारू त्यांत होते.

कोळ्यांच्या घरांत दुराव्याचें पंचांग याहूनहि सूक्ष्म असे. या किनाऱ्यावर मासेमारी बव्हंशीं डोल जाळ्यानें चालत आली. हें जाळें म्हणजे एक लांबलचक निमुळती पिशवी असते. भरती-ओहोटीच्या ओढीपुढें तोंड करून ती खुंटांना किंवा नांगरांना बांधावयाची आणि पाण्याच्या जोरानें मासळी आंत लोटली जावी, अशी तिची युक्ति. 'डोलकर' हा शब्द या जाळ्यावरूनच आला. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें, पाण्यास ओढ असते; तेव्हां डोलकर घरीं राहूं शकत नाहीं. अष्टमीच्या सुमारास भांगाचें पाणी मंद असतें. तेव्हां त्यास घरीं थोडी उसंत मिळते. म्हणजे पतिपत्नींचा सहवास व वियोग चंद्राच्या कलांप्रमाणें ठरावयाचा. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात, त्या नारळी पौर्णिमेस पुन्हां पाण्यांत जात. आतां सरकारी नियमानें १ जून ते ३१ जुलै ही बंदीची मुदत ठरलेली आहे. परंतु नारळाचा मान अजूनहि पौर्णिमेलाच आहे.

तथापि विरह आणि ताटातूट या दोन गोष्टी एक नव्हेत. विरहांत परत येण्याची आशा असते; किंबहुना आशा आहे म्हणूनच तो विरह. ताटातुटींत ती आशाच संपलेली असते. साहित्यशास्त्रानें विप्रलंभ शृंगार आणि करुण यांत जो भेद केला तो याच जागीं. आज यासाठीं 'प्रेमभंग' हा शब्द सर्रास वापरला जातो. पण तो कादंबऱ्यांतून व बोलपटांतून रुळलेला शब्द आहे. किनाऱ्यावरच्या संसारांत या प्रसंगासाठीं जे शब्द होते ते अधिक उघडे आणि अधिक व्यवहारी होते. नवऱ्यानें बायकोला 'टाकली', त्यानें 'दुसरी केली', किंवा दोघांची 'काडीमोड' झाली. यांतील शेवटचा शब्द विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. कोळी, आगरी, कुणबी इत्यादि अनेक जातींत पंचांसमक्ष गवताची काडी मोडून विवाहसंबंध तोडण्याची रीत होती, आणि त्यानंतर स्त्रीला 'पाट' लावून पुन्हां संसार मांडतां येत असे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानेंहि अशा रूढिसिद्ध काडीमोडीचा हक्क कायम ठेवला. ज्या समाजांत हृदय तुटल्याची खूण म्हणून काडी मोडली जात होती, त्या समाजाला ताटातुटीचें अप्रूप नव्हतें. तिच्याकडे तो सरळ पाहूं शकत होता.

शेजारच्या वाडींतील पांढरपेशा घरांत मात्र ही सोय नव्हती. तेथें विवाह एकदां झाला कीं स्त्रीच्या बाजूनें तो जन्माचा होता. नवऱ्यानें दुर्लक्ष केलें, सवत आणली किंवा माहेरीं आणून सोडलें, तरी तिला दुसरी वाट नव्हती. मुंबई प्रांतांत १९४६ सालीं हिंदु पुरुषाच्या दुसऱ्या लग्नास बंदी झाली व १९४७ सालीं घटस्फोटाचा कायदा झाला. त्यापूर्वींचीं शतकें अशींच गेलीं. रूढींतील हा फरक गाण्यांतहि उतरला आहे. कोळणीच्या हातांत मासळीचा बाजार आणि घरची थैली असे. ती पुरुषावर सर्वस्वीं अवलंबून नसे. म्हणून तिच्या गाण्यांत रुसवा असतो, टोमणा असतो, प्रसंगीं सरळ हिशेबहि असतो. वाडींतील स्त्रीच्या गाण्यांत तक्रार तोंडावर कधींच येत नाहीं. ती सीतेच्या, रुक्मिणीच्या किंवा द्रौपदीच्या तोंडून येते. दुःखाची जात एकच; पण एकीला बोलण्याची मुभा होती आणि दुसरीला ती मुभा गाण्याकडून उसनी घ्यावी लागली.

ही मुभा ज्या रचनेंत मिळाली ती रचना म्हणजे ओवी. ओवीचें वय मोठें आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत रचविलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरींत ओवीला जें वैभव प्राप्त झालें, त्यापूर्वींच ती उखळामुसळापाशीं आणि जात्यापाशीं मुरलेली होती. रायगडचा किनारा हा भाताचा प्रदेश. येथें भात कांडावयाचें आणि भाकरीसाठीं तांदूळ दळावयाचे, हीं दोन्ही कामें घरोघर होतीं. दळण पहाटेच्या अंधारांत, पुरुष उठण्यापूर्वीं उरकावयाचें असे. दिवसभरांत स्त्रीला स्वतःचा म्हणतां येईल असा हाच काय तो वेळ.

या वेळीं जातें नुसतें पीठ काढीत नसे. गाण्याच्या दृष्टीनें तें तीन कामें करी. पहिलें काम तालाचें. खुंटा हातांत धरून वरची तळी फिरवूं लागलें कीं प्रत्येक फेऱ्यास एक जोराची ओढ आणि एक सैल परतणें असतें. ओवीचे चरण या ओढीवर बसतात. म्हणून ओवीची लय गाणारीच्या मर्जीवर अवलंबून नसते. दाणा जाड कीं बारीक, दगडाला टाकी नुकती लावली आहे कीं तो गुळगुळीत झाला आहे, यावर ती ठरते. दुसरें काम स्वराचें. दगडाची घरघर अखंड चालते, आणि तंबोऱ्याप्रमाणें गळ्याला टेकावयास एक आधार देते. ओवीची चाल बहुधा चारपांच स्वरांच्या आंत फिरते. वर जाण्याची तिला गरजच वाटत नाहीं, कारण ती कोणाला ऐकवावयाची नसते. तिसरें काम आडोशाचें. शेजारच्या खोलींत सासू निजलेली असली, तरी घरघरीखालीं शब्द अर्धवटच पोंचतात. गळा दाटून आला तरी तो दगडाच्या आवाजांत लपून जातो. वाद्य, साथ आणि पडदा हीं तिन्हीं कामें एकाच दगडानें करावीं, अशी सोय दुसऱ्या कोणत्या गायनप्रकारांत क्वचितच सांपडेल.

दळावयास बहुधा दोघी बसत: सासू-सून, जावाजावा, नणंद-भावजय किंवा माहेरीं आलेली मुलगी आणि तिची आई. खुंट्यावर दोघींचे हात. एकीनें चरण म्हणावयाचा, दुसरीनें तो उचलावयाचा, तोंवर पहिलीला पुढचा चरण सुचावयाचा. मुठीमुठीनें वैरण घालण्यासाठीं मध्यें जी उसंत मिळते, तीहि रचनेस उपयोगी पडते. दुसऱ्या बाईच्या तोंडून आपलेच शब्द परत ऐकूं येणें यांत एक मोठें सांत्वन आहे. तिनें उपदेश केलेला नसतो, चौकशी केलेली नसते; तिनें फक्त ओळ उचललेली असते. ज्या घरांत सुनेला सासूपुढें मन मोकळें करतां येत नसे, त्याच घरांत सासूच्याच गळ्यांतून सुनेचें दुःख दुसऱ्यांदां गाइलें जाई, आणि त्यांत कोणाचाहि अधिक्षेप झाला असें वाटत नसे.

नवी ओवी तयार होते कशी, हेंहि पाहण्यासारखें आहे. संपूर्ण नवें गाणें कोणी बसून रचीत नाहीं. पहिल्या ओव्या देवांच्या, मायबापांच्या, भावाच्या. त्यांचें नांव घेऊन गाण्याला बैठक मिळते. मग परंपरेनें चालत आलेले अर्धे चरण हाताशीं असतातच. एखादी वाट, एखादें झाड, अंगणांतली तुळस, बंदरांत लागलेलें गलबत, असा तो पूर्वार्ध तयार असतो. उत्तरार्धांत गाणारी आपली एखादी खूण टाकते: त्यानें आणलेलें लुगडें, त्यानें न पाठविलेला निरोप, दुसरीच्या गळ्यांत दिसलेला ओळखीचा दागिना. इतक्यानें काम होतें. पूर्वार्ध सर्वांचा असल्यामुळें गाणें परकें वाटत नाहीं, आणि उत्तरार्ध तिचा असल्यामुळें तें खोटें वाटत नाहीं. पुढें तीच ओवी दुसरीच्या तोंडीं गेली म्हणजे तो उत्तरार्धहि झिजतो. लुगड्याचा रंग बदलतो, बंदराचें नांव बदलतें, आणि एका बाईच्या आयुष्यांतील गोष्ट चार गांवांच्या मालकीची होते.

येथें ओवी आणि मराठींतील इतर विरहगीतें यांतला फरक स्पष्ट होतो. संतांनीं विरहिणीच्या भूमिकेंतून अभंग रचले. त्यांत अखेरीस संताच्या नांवाची मुद्रा असते. पेशवाईच्या उत्तरकाळांत राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ यांनीं विरहाच्या लावण्या केल्या. त्या स्त्रीच्या तोंडीं घातलेल्या असल्या तरी रचणारे पुरुष होते, ढोलकी-तुणतुण्याची साथ होती, आणि शेवटच्या चरणांत शाहिराचें नांव गुंफलेलें असे. ओवींत नांव नाहीं. डॉ. कमलाबाई देशपांडे यांनीं स्त्रीगीतांवरील आपल्या ग्रंथास 'अपौरुषेय वाङ्मय' असें नांव दिलें. वेदांना लावावयाचें विशेषण त्यांनीं जात्यावरच्या गाण्यांस लावलें, आणि 'पुरुषांनीं न रचलेलें' हा दुसरा अर्थहि त्यांत सहज साधला. परंतु या निनांवीपणाचा एक उपयोग विशेषें सांगितला पाहिजे. नांव नाहीं म्हणूनच ओवी गाणारीला कोणी जाब विचारूं शकत नसे. 'हें तुझें कीं काय?' असें विचारलें, तर 'आईपासून ऐकलें' हें उत्तर तयार होतें. आणि तें खोटेंहि नव्हतें. रामानें वनांत सोडलेल्या सीतेच्या ओव्या महाराष्ट्रभर इतक्या प्रेमानें कां गाइल्या गेल्या, याचें एक कारण येथें आहे. सीतेबद्दल बोलणें हें पुण्यकर्म होतें. तिच्या नांवावर रामालाहि दोष देतां येत असे. स्वतःच्या नवऱ्याला देतां येत नसे.

हा धागा मागें मागें नेला तर तो फार दूर पोंचतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत सेमुल्ला या नांवानें उल्लेखिलेलें बंदर म्हणजे रेवदंड्याशेजारचें चौल. त्याच सुमारास, सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेला 'गाथासप्तशती' हा सातशें गाथांचा संग्रह महाराष्ट्री प्राकृतांत सिद्ध होऊं लागला. त्यांत प्रवासास गेलेल्या पतीची वाट पाहणाऱ्या व पतीनें उपेक्षिलेल्या स्त्रियांच्या गाथा पुष्कळ आहेत. एका गाथेंतील स्त्री पति गेल्याचे दिवस मोजण्यासाठीं भिंतीवर रेघा ओढूं लागते, आणि पहिला अर्धा दिवस संपण्यापूर्वींच भिंत रेघांनीं भरून जाते. राजसभेंत संगृहीत झालेल्या या गाथा आणि जात्यावरच्या ओव्या यांचें थेट नातें दाखवितां येणार नाहीं. परंतु थोडक्या शब्दांत, घरांतील एका वस्तूवर सारें दुःख टेकविण्याची रीत मात्र दोहोंकडे एकच दिसते.

याच किनाऱ्यावर एक वेगळा सूरहि ऐकूं येतो. कुंडलिकेच्या मुखाशीं असलेल्या कोर्लई गांवांतून पोर्तुगीज सत्ता १७४० सालीं गेली; पण पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणानें झालेली बोली तेथें आजहि सुमारें हजार माणसें बोलतात. त्या बोलींत मारिया मादुलेना नांवाच्या स्त्रीविषयीं एक गाणें प्रसिद्ध आहे, आणि त्यांत तिला शाप देणें व तिच्या रूपाची स्तुति करणें हीं दोन्ही एकत्रच येतात. रागावलेल्या माणसाला सौंदर्य विसरतां येत नाहीं, हा अनुभव कोणत्याहि भाषेच्या सीमेंत मावणारा नाहीं. जगांत जेथें जेथें पुरुष पाण्यावरून किंवा पोटासाठीं दूर गेले, तेथें तेथें अशीं गाणीं झालीं. लिस्बनच्या बंदरालगतच्या वस्त्यांत एकोणिसाव्या शतकांत 'फादो' हें गायन रूढ झालें. भोजपुरी मुलुखांत कलकत्त्यास गेलेल्या नवऱ्याची व्यथा भिखारी ठाकूर (१८८७-१९७१) यांनीं 'बिदेसिया' या नाटकांत मांडली. फादोला गिटार मिळाली, बिदेसियाला रंगभूमि मिळाली. रायगडच्या ओवीला मात्र दगडापलीकडे कांहीं मिळालें नाहीं. तिचें बळ आणि तिचें दुर्दैव हीं दोन्ही यांतच आहेत.

दुर्दैव असें कीं, दगड गेला तेव्हां गाण्याचीहि जागा गेली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पिठाच्या गिरण्या गांवोगांव झाल्या. ही गोष्ट वाईट झाली असें म्हणण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. ज्या हातांनीं पहाटे तीन-चारला उठून पायलीपायली दळलें, त्या हातांना गिरणीचें पीठ म्हणजे सुटकाच होती. परंतु कष्टाबरोबर तो वेळ गेला, समोर बसणारी दुसरी बाई गेली आणि आवाजाचा आडोसाहि गेला. दुःख पूर्वींइतकेंच राहिलें. तें गाऊन टाकण्याची रोजची रीत मात्र उरली नाहीं. ज्या स्त्रियांना शेंकडों ओव्या येत होत्या, त्यांच्या मुलींना दहापांच येतात आणि नातींना बहुधा एकहि येत नाहीं.

याच सुमारास शहरांत दुखावलेल्या प्रेमाला नवें स्थान मिळालें होतें. माधव जूलियन यांचें 'विरहतरंग' हें खंडकाव्य १९२६ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें ध्वनिमुद्रिकेनें आणि रेडिओनें भावगीत घराघरांत पोंचविलें. जुन्या ध्वनिमुद्रिकेची एक बाजू सुमारें तीन मिनिटें चाले. एवढ्या वेळांत मुखडा, अंतरे आणि शेवट हें सारें बसवावें लागे. गाण्याला आरंभ आणि अंत असला पाहिजे, तें कोणा कवीचें व कोणा गायकाचें असलें पाहिजे, ही समजूत तेथून पक्की झाली. ओवीला असा अंत नव्हता. पाटींतलें धान्य संपलें कीं ती थांबे, आणि दुसऱ्या दिवशीं तेथूनच पुढें सुरू होई. ज्या दुःखाला तीन मिनिटांत शेवट नसतो, त्याला हा आकार अधिक मानवत असे.

कोळीगीतालाहि ध्वनिमुद्रिकेनें नवें रूप दिलें. शान्ता शेळके यांनीं लिहिलेल्या आणि हृदयनाथ मंगेशकर यांनीं स्वर दिलेल्या 'वादळ वारं सुटलं गो' या गीतांत वादळाच्या वेळीं किनाऱ्यावर थांबलेल्या स्त्रीची धास्ती आहे. कोळीगीत केवळ नाचण्यासाठीं नसतें याचा तो शहराला मिळालेला एक उत्तम प्रत्यय होय. परंतु बाजारांत मागणी राहिली ती लग्नांतल्या आणि मिरवणुकींतल्या गाण्यांची. ढोलकीच्या जागीं बँजो आला, मग विजेवरचीं वाद्यें आलीं, आवाज दर वर्षीं वाढला. आनंदाचें गाणें मोठ्यानें म्हणतां येतें, म्हणून तें टिकलें. ताटातुटीचें गाणें मोठ्यानें म्हणावयाचें नसतेंच. तें मागें पडलें.

सुदैवानें तें सर्वस्वीं लुप्त झालेलें नाहीं. या किनाऱ्याच्या दक्षिणेस पालगड येथें जन्मलेल्या साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन' या संग्रहांत शेंकडों ओव्या टिपून ठेवल्या. सरोजिनी बाबर यांनीं लोकसाहित्याचे अनेक खंड संपादिले. पुण्यांतील हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांतील पुष्कळशा बर्नार्ड बेल यांच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेनें त्या सर्वांस ऐकावयास खुल्या केल्या आहेत. या कार्यांत एक महत्त्वाचा पालट आहे. पूर्वींच्या छापील संग्रहांत ओवी होती, पण गाणारी नव्हती. या संग्रहांत गाणाऱ्या स्त्रीचें नांव व गांव नोंदलेलें आहे. शतकानुशतकें जिनें नांव झांकून गाइलें, तिला अखेर नांव मिळालें.

येथें एक प्रश्न मात्र उरतो, आणि संग्राहकांनाच नव्हे तर ऐकणाऱ्यांनाहि त्याचा विचार करावा लागेल. निनांवीपणा हाच जिचा आडोसा होता, तिच्या दुःखाला नांव जोडावें काय? ज्या ओवीचा उत्तरार्ध तिनें फक्त जावेला ऐकविला होता, तो हजारों अनोळखी लोकांनीं ऐकावा काय? याचें उत्तर एकच एक नाहीं. कित्येक वृद्ध स्त्रियांनीं मोठ्या अभिमानानें आपल्या ओव्या ध्वनिमुद्रकापुढें गाइल्या आहेत. ज्या दुःखानें आतां बोचणें सोडलें आहे, तें सांगण्यांत त्यांना संकोच वाटत नाहीं. पण ज्यांचें दुःख अजून ओलें आहे, त्यांना गाण्यासाठीं आजहि आडोसाच हवा असेल.

आज अलिबाग-पनवेलच्या महाविद्यालयांत शिकणारा एखादा तरुण किंवा तरुणी मन मोडल्यावर गिटार घेऊन बसते, चार कडवीं रचते, आपलें नांव घालून ती ध्वनिमुद्रित करते. त्यांत उणें कांहीं नाहीं. प्रत्येक काळ आपलें वाद्य निवडतो. परंतु त्यांच्याच आजीच्या घरीं, परसांत पालथ्या घातलेल्या जात्यानें जी सोय करून ठेवली होती, ती या नव्या गाण्याला अद्याप साधलेली नाहीं. नवें गाणें 'माझें दुःख ऐका' असें सांगतें. जुनी ओवी समोरच्या बाईला ती ओळ उचलावयास लावी, आणि उचलतां उचलतां तें दुःख दोघींचें होई. अशी आजी ज्या घरांत अजून आहे, तेथें तिच्यासमोर बसून, तिनें म्हटलेली ओळ तिच्यामागून एकदां म्हणून पाहिली, तर ती गोष्ट कोणत्याहि संग्रहाहून लवकर समजेल.